पावसाआधी टायर, टायरआधी शॉकअप

गाडीचे टायर बदलायचे असतील तर मे महिन्यात बदला. आपल्याकडे बहुतेक घरांत हिशेब उलटा असतो. ‘एवढा पावसाळा काढू, दिवाळीला नवे टाकू.’ म्हणजे टायरच्या नक्षीची खरी गरज असते त्या चार महिन्यांत गाडीला झिजलेले टायर, आणि कोरड्या आठ महिन्यांत कोरे करकरीत. कोरड्या डांबरावर नक्षीला फारसं काम नसतंच. फॉर्म्युला वनच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर पूर्ण गुळगुळीत टायरांवर पळतात, कारण जितकं जास्त रबर रस्त्याला टेकेल तितकी पकड जास्त. खाचा असतात त्या पाण्यासाठी. (हे वाचून कुणी गोटा झालेल्या टायरवर उन्हाळा काढू नये. अशा टायरात आतल्या तारांवर उरलेलं रबर इतकं पातळ असतं की खिळा किंवा धारदार खडी सरळ आत पोचते.)

टायरला किती पाणी हटवावं लागतं, ते एकदा मांडून बघा. हॅचबॅकच्या टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा 14 सेंटिमीटर रुंद धरा, रस्त्यावर 3 मिलिमीटर पाणी आणि वेग ताशी 80 किलोमीटर. गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते. तेवढ्या वेळात एकेका टायरला नऊ लिटरहून जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. दर सेकंदाला एक बादली म्हणा ना! ते खाचांतून वेळेत निघालं नाही, तर टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. स्टेअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक दाबला तरी गाडी ऐकत नाही. यालाच ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. नव्या टायरची खाच साधारण 7 ते 8 मिलिमीटर खोल असते. कारसाठी कायद्याने ठरवलेली किमान खोली 1.6 मिलिमीटर. खाचेच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला रबर आलं की टायर संपला. हे उंचवटे कुठे आहेत ते दाखवायला टायरच्या बाजूवर टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. पण ही झाली कायद्याची रेषा, कोकणातल्या जुलैची नव्हे. पावसाळ्यासाठी मी 3 मिलिमीटर ही रेषा धरतो. जूनच्या तोंडावर खाच त्याहून कमी भरली तर दिवाळीची वाट बघू नये. खोली मोजायचं छोटं मापक ऑनलाइन स्वस्तात मिळतं. घरात एक असू द्या.

मे महिन्याचं आणखी एक कारण आहे. टायर साच्यातून सुटून यावा म्हणून कारखान्यात साच्याला जे द्रव्य लावतात, त्याचा पातळ थर नव्या टायरवर राहिलेला असतो. तो जाऊन खरं रबर वर यायला दीडदोनशे किलोमीटर तरी लागतात. ते कोरड्या रस्त्यावर, जपून, मे महिन्यातच झालेले बरे. आज टायर टाकले आणि उद्या मुसळधार पावसात आंबोली उतरायला निघालात, तर नव्या टायरचा फायदा पहिल्याच वळणावर मिळेल असं धरून चालू नका.

मात्र टायरच्या दुकानात जाण्याआधी गाडी मेकॅनिककडे न्या. सस्पेन्शन खराब असताना घातलेले नवे टायर काही हजार किलोमीटरांतच वाकडेतिकडे झिजतात आणि वीस-पंचवीस हजार रुपये रस्त्यावर घासले जातात. गंमत म्हणजे सस्पेन्शनला काय झालंय हे जुने टायरच सांगतात, म्हणून ते काढायच्या आधी नीट बघा. दोन्ही कडा झिजल्यात आणि मधलं रबर शाबूत आहे, तर हवा कायम कमी राहिली. मधला पट्टाच झिजलाय, तर हवा जास्त. एकच कड खाल्लीय, तर अलाइनमेंट किंवा कॅम्बर बिघडलाय. तळव्यावरून हात आतून बाहेर फिरवला की गुळगुळीत आणि बाहेरून आत फिरवला की रबराच्या कडा बोटांना अडकतात, असं असेल तर टो चुकलाय. आणि टायरच्या घेरावर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे पडले असतील, हायवेला घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर पहिला संशय शॉकअपवर घ्या.

शॉकअपचं काम नेमकं काय, याबद्दल बराच गोंधळ आहे. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्याचा हादराही आधी तीच घेते. पण एकदा दाबलेली स्प्रिंग परत उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. ही उसळी मारून टाकणं हे शॉकअपचं काम. त्यातलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळीची ताकद उष्णतेत जिरते. शॉकअप मेला की गाडी मऊ लागते, आणि कित्येकांना हे आरामदायी वाटतं! प्रत्यक्षात खडबडीत रस्त्यावर चाक सतत रस्ता सोडत असतं, आणि हवेत असलेलं चाक ना ब्रेक लावू शकतं ना वळू शकतं. ओल्या रस्त्यावर पकड आधीच कमी, त्यात ती तुकड्यातुकड्यांनी मिळाली तर एबीएसही गोंधळतं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. नसलेली पकड ते आणणार कुठून?

पूर्वी गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि किती वेळा हिंदकळते ते मोजायचं, अशी तपासणी होती. अगदी मेलेला शॉकअप त्यात आजही कळतो. अर्धमेला मात्र सुटतो. त्यापेक्षा गाडी जॅकवर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली वाकून बघा. शॉकअपच्या नळीवर नुसती धूळ चिकटून ओलसर पट्टा दिसत असेल तर लक्ष ठेवा, इतकंच. तेल ओघळून खाली थेंब धरलाय, तर तो गेला. मग लोअर आर्मचे बुश बघा. रबराला चिरा पडून आतली नळी सरकलेली दिसते. बॉल जॉइंटला पहारीने उचकून बघतात, तिथे प्ले नको. चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि आडवं हललं तर टाय रॉड एंड, उभं हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. खराब रस्त्यावर पुढून येणारी खडखड बहुतेक वेळा लिंक रॉडची असते. ती स्वस्तात मिटते, पण वळणावर गाडीचा झुकाव आवरणाऱ्या बारला तोच जोडलेला असल्याने ‘आवाजच आहे, येऊ दे’ म्हणून सोडू नका.

शॉकअप बदलताना एका ॲक्सलचे दोन्ही बदलावेत. एक नवा, एक जुना असं केलंत तर डाव्या आणि उजव्या वळणावर गाडी वेगवेगळी वागेल. सोबत स्ट्रट माउंट आणि बम्प स्टॉपही नवे घाला. मजुरी एकदाच लागते. नेहमीच्या वापराला कंपनीच्या मापाचे, गॅस भरलेले शॉकअप पुरेत. त्यात कमी दाबाचा नायट्रोजन असतो, त्यामुळे सलग खड्ड्यांत तेलाला फेस येऊन शॉकअप ढिला पडण्याचं प्रमाण कमी होतं. आपल्या राज्यमार्गांचा एकूण अवतार पाहता हा मुद्दा कागदावरचा नाही.

स्पोर्टी म्हणून विकल्या जाणाऱ्या कडक किटपासून चार हात लांब राहा, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रॅकच्या सपाट डांबरावर कडक सस्पेन्शन फायद्याचं. आपल्या रस्त्यावर त्यामुळे चाक खड्ड्याची कड सोडून उडतं, आणि पावसात तेवढ्यावर गाडी सरकते. उलट टोकाला, स्पीडब्रेकरला घासू नये म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर घालायची टूम आहे. गाडी वर उठते, पण स्प्रिंग कडक होते, तिच्याबरोबर शॉकअप बदललेला नसतो, आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. गणपतीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन जायचंय म्हणून बफर घालण्यापेक्षा दरवाजाच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. पूर्ण लोडसाठी हवेचा वेगळा आकडा तिथे दिलेला असतो, आणि तो बहुधा मागच्या चाकांना जास्त असतो. टपावर कॅरियर बांधणार असाल तर जड बॅगा डिकीत, हलक्या टपावर.

आता टायर. दुकानदाराला सांगायचे आकडे टायरवरच असतात. 185/65 आर 15 88 एच असं असेल तर रुंदी 185 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 65 टक्के, रेडियल, 15 इंची रिम. 88 हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला 560 किलो. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत. टी असेल तर 190, व्ही असेल तर 240. वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घ्यायचा नाही, यात तडजोड नाही. वेगाचं अक्षरही खाली आणू नये. समृद्धीवर 120 ची मर्यादा आहे आणि विदर्भातल्या उन्हात तो वेग तास-दोन तास टिकवायचा म्हणजे टायरची परीक्षाच. परिवहन खात्याने 2023 मध्ये त्या मार्गावर गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली, ती उगीच नव्हे.

माप बदलायची हौस असेल तर बाहेरचा एकूण व्यास आधी जुळवा. वरच्या टायरचा व्यास 621 मिलिमीटरच्या आसपास येतो. 195/55 आर 16 घेतला तरी जवळपास तेवढाच, म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही. त्यापुढे जाऊ नका. रुंद टायर कोरड्यात वळणावर छान लागतो. पाण्यात त्याला जास्त पाणी हटवावं लागतं, म्हणून तो लवकर तरंगतो. शिवाय मोठी रिम आणि बुटकी बाजू असली की खड्ड्यात रिम वाकते नाहीतर टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा म्हणजे आतले धागे तुटले. तो टायर त्याच दिवशी उतरवा. त्यावर कुठलाही पॅच चालत नाही.

ओल्या रस्त्यावरची पकड नुसत्या नक्षीने येत नाही, रबरही तसं लागतं. 1992 मध्ये मिशलिनने रबरातल्या काजळीची बरीचशी जागा सिलिकाला दिली आणि एक जुनं कोडं सुटलं. तोवर टायर इंधन वाचवणारा तरी असे, नाहीतर पाण्यात धरणारा. सिलिकामुळे दोन्ही एकत्र जमू लागलं. आज बहुतेक कंपन्यांच्या वरच्या श्रेणीत असं रबर मिळतं, म्हणून दुकानात ‘सिलिका कंपाउंड आहे का’ हे बेधडक विचारा. युरोपातल्या लेबलवर ओल्या पकडीला ए ते ई असे वर्ग दिलेले असतात. तेच मॉडेल तिकडे विकलं जात असेल तर त्याच मापाचा वर्ग इंटरनेटवर सापडतो, पण इथे बनलेल्या टायरचं रबर वेगळं असू शकतं, तेव्हा त्याकडे अंदाज म्हणून बघा. आपल्याकडे बीईईचे तारे दिसतात ते इंधनबचतीचे; पाच तारे म्हणजे पावसात उत्तम, असं समजू नका. ओल्या पकडीची किमान पातळी एआयएस-142 या मानकात आहे. त्याची अधिसूचना 2022 मध्ये निघाली. काही टायरांच्या बाजूवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेम्परेचर असे तीन शेरे कोरलेले असतात. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लागण्याची क्षमता. एए सर्वांत वर, मग ए, बी, सी. ट्रेडवेअरचा आकडा फुगलेला असेल तर टायर टिकेल खूप, पण रबर बहुधा कडक असेल. ‘साठ हजार किलोमीटर कुठे जात नाही, साहेब’ हे वाक्य दुकानात ऐकू आलं की पुढचा प्रश्न ओल्या पकडीचा विचारा.

विकत घेताना आयएसआयची खूण बघा आणि लंबगोल चौकटीतले चार आकडे वाचा. 2325 म्हणजे 2025 सालचा तेविसावा आठवडा. गोदामात दोन वर्षं पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नये. नक्षी एकाच दिशेची असेल तर बाजूवर बाण असतो, असममित असेल तर एका अंगाला ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं. घाईत उलटे बसवलेले टायर क्वचित दिसतात, पण दिसतात. गाडी जॅकवरून उतरायच्या आत चारही बाण बघून घ्या. व्हॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग चारही चाकांचं आणि अलाइनमेंट त्याच दिवशी.

चारऐवजी दोनच टायर घ्यायचे असतील तर नवी जोडी मागे घाला. इथे दुकानदार, मेकॅनिक आणि सासरे एकमताने विरोध करतील. त्यांचं म्हणणं असं, की गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, वळते ती पुढची, ब्रेकचा मोठा भार पुढे, मग चांगले टायर पुढेच हवेत. ऐकायला बिनतोड. पण पाण्यात पुढची चाकं सरकली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ लागते, आपण घाबरून आपसूक ॲक्सिलेटर सोडतो, वेग उतरतो आणि पकड परत मिळते. मागची सरकली तर गाडीची शेपूट पुढे यायला बघते. तिथे ॲक्सिलेटर सोडला किंवा ब्रेक मारला तर वजन आणखी पुढे जातं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी फिरते. ताम्हिणीच्या उतारावर डावं वळण घेताना हे सगळं दुसरं वाक्य बोलायच्या आत घडतं. सामान्य चालकाला ते सावरता येत नाही, मलाही येईल याची खात्री नाही. सरळ रस्त्यावर पुढची चाकं मागच्यांसाठी पाणी कापून देतात हे खरं. वळणावर मागची चाकं त्याच रेघेतून जात नाहीत. म्हणून पाण्यात तग धरणारे टायर मागे. आणि पुढचे इतके झिजलेत की मागे नवे घालून भागणार नाही असं वाटलं, तर चारही बदलायची वेळ आलीय.

हवेबद्दल दोन गैरसमज मरता मरत नाहीत. पहिला, पावसात हवा थोडी कमी केली की पकड वाढते. नासाने 1960 च्या दशकात धावपट्टीवरच्या पाण्याचा अभ्यास केला, त्यातून निघालेलं गणित नेमकं उलट आहे. टायर पाण्यावर ज्या वेगाला चढतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने 33 पीएसआयला साधारण 95 किलोमीटरचा वेग येतो, 24 पीएसआयला 80 च्या थोडा वर. खाच शिल्लक आहे की नाही, पाणी किती आहे, यावर तुमच्या गाडीचा आकडा वेगळा येईल, दिशा बदलणार नाही. दुसरा गैरसमज, उन्हाळ्यात एक्स्प्रेस वेला लागण्याआधी हवा कमी करा म्हणजे टायर फुटणार नाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्यानेच ती तापते आणि फुटते. पळून तापलेल्या टायरचा दाब तीन-चार पीएसआय वाढतो, तो कंपनीने धरलेलाच असतो. हवा गार टायरमध्ये भरा, आकडा दरवाजाच्या स्टिकरवरचा घ्या. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. पंपावरचा पोरगा न विचारता सगळ्यांना 35 भरतो, त्याला आकडा आपण सांगायचा. नायट्रोजन हवा असेल तर भरा. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

दुचाकीचं थोडक्यात. तिथे पुढचा टायर घसरला की माणूस पडतोच, म्हणून पुढचा टायर झिजेपर्यंत वापरायची कंजुषी नको. रोज सरळ हायवेला चालणाऱ्या बाइकचा मागचा टायर मध्ये सपाट होतो. खाच शिल्लक दिसते, पण वळणावर झुकताना गाडी गचकन पडल्यासारखी वाटते. तो बदला. मागे जाड टायर घालून गाडी दिसते भारी, वळते जड. मागे माणूस बसणार असेल तर शॉकअपची कडी एक-दोन घर पुढे फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, ऊसपट्ट्यात ट्रॉल्यांमधून सांडलेली चिपाडं आणि चिखल, कोकणातली तांबडी माती, यांवर कुठलंच रबर धरत नाही. पहिल्या वळवाच्या सरीतला रस्ता तर जुलैच्या धुऊन निघालेल्या रस्त्यापेक्षा वाईट, कारण आठ महिन्यांचं तेल आणि धूळ तेव्हा वर येतं.

राहिली स्टेपनी. ती कधीच वापरली जात नाही, म्हणून तिची खाच नवी दिसते, पण वय गाडीएवढंच असतं. तिच्यावरचे चार आकडेही वाचा. पाच-सहा वर्षांपुढची असेल तर फक्त पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला वापरायची. मापाने बारीक स्टेपनी दिली असेल तर तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. हवा दर महिन्याला बाकीच्या चारांबरोबर बघा, आणि गावाला निघताना डिकीत सामान भरायच्या आधी बघा.